बैठकीतला चित्ता

"हे चित्र तेवढं उतरवा," हेडमास्तर म्हणाले. "आबा यायच्या आत."

वर्गाच्या भिंतींना सुतळ्या बांधून मी पोरांची चित्रं टांगली होती. विषय एकच. प्राणी आणि त्याचं घर. हरणं होती, कोल्हे होते, तापीतली सुसर होती. हेडमास्तरांचं बोट ज्या चित्रावर टेकलं होतं त्यात चित्ता होता. पण तो रानात नव्हता, भिंतीवर होता. चारी पाय फाकलेले, पोट सपाट, वर दोन खिळे. खाली लोड-तक्के आणि पानाचा डबा.

चित्र कौशीचं. कौशी म्हणजे आबा पाटलांची नात, चौथीतली. आबा आमच्या शाळेच्या कमिटीचे चेअरमन. ती बैठक त्यांची, तो चित्ता त्यांच्या वडिलांनी मारलेला, आणि ज्या जमिनीवर आम्ही उभे होतो तीही त्यांनीच शाळेला दिलेली.

ही मोठ्या लढाईच्या आधीची गोष्ट. मी नंदुरबारला गाडीतून उतरून, बैलगाडीने तापी ओलांडून या गावात ड्रॉइंग मास्तर म्हणून आलो होतो. सहा महिन्यांतच आबांनी मला विचारलं होतं, "चित्रं काढीसन कोनं पोट भरस का, मास्तर?" ड्रॉइंगचा पिरियड बंद करून तो हिशेबाला द्यावा, असं त्यांच्या मनात होतं. पिरियड गेला की मी गेलो. पोरांच्या चित्रांचं प्रदर्शन भरवेपर्यंत मी मुदत मागून घेतली. चित्रातून पोरं काही शिकतात हे दिसलं तर पिरियड राहील, नाही तर मी परत स्टेशनावर.

आमच्या धंद्यात दोन शब्द आहेत. मॉडेल ड्रॉइंग म्हणजे वस्तू समोर ठेवायची आणि बघून काढायची. मेमरी ड्रॉइंग म्हणजे वस्तू आधी दाखवायची, मग उचलून न्यायची आणि आठवून काढायला लावायची. शाळेकडे प्राण्यांचा एकच विलायती तक्ता होता. त्यावर सिंह, जिराफ आणि पांढरं अस्वल. पोरं वर्षानुवर्षं त्याच्या नकला काढत होती. पांढरं अस्वल कुठे राहतं, असं मी एकदा विचारलं, तर एकाने मोठ्या खात्रीने सांगितलं, "कपाटमा!" तक्ता कपाटात असायचा ना. त्या दिवशी मी तो कपाटात ठेवला आणि पुन्हा बाहेर काढला नाही. नियम केला, जो प्राणी स्वतः पाहिला तोच काढायचा, आणि जिथे पाहिला तिथेच काढायचा.

म्हणजे कौशी नियमाने वागली होती.

"सर, नियमात बसतं हे," मी म्हणालो.

"नियम आणि चेअरमन यांत चेअरमन मोठा. तुम्ही अजून नवे आहात."

मी कौशीला बोलावलं. एवढा चित्ता रानात काढून देतेस का, म्हणून विचारलं. स्वतःची लाज वाटत होती, पण विचारलं. नोकरी कुणाला नको असते?

"रानमा मी दखाच नही, गुरुजी," ती म्हणाली. "खोटं काढू का?"

माझा स्वभाव मुळात तिरसट. हेडमास्तरांपुढे मान तुकवायला मी तयार झालो होतो, पण त्या पोरीपुढे नियम मोडायला जीभ वळेना. चित्र तिथेच राहिलं. हेडमास्तर कपाळाला हात लावून बाहेर गेले.

आबा आले. पांढरा फेटा, हातात काठी. एकेका चित्रापुढे थांबत होते. एका पोराने हरणांचा कळप कपाशीत काढला होता. "आरे, हाई हरनं तं मन्हा कापूस खाई ऱ्हायनात!" म्हणून ते मोठ्याने हसले. पोरंही हसली. मला जरा धीर आला.

मग ते चित्त्यापुढे आले आणि हसू थांबलं.

"हाई कोनं काढं?"

"लहान आहे हो पोर, आबासाहेब," हेडमास्तर घाईघाईने म्हणाले. "आत्ता उतरवतो."

"मी काढं," कौशी म्हणाली.

"याले जित्ता काबर नही काढा?"

"जित्ता कोनी दखा शे? तुम्ही दखा का, आबा?"

आबा पोरांच्या बाकावर बसले. इतका दांडगा माणूस त्या बुटक्या बाकावर बसलेला पाहून एरवी मला हसू आलं असतं.

"दखा," ते म्हणाले. "तुन्हाइतला व्हतू मी. गवत व्हतं, कमरेइतलं. हरनंना मागे पयना तो. आसं पयनारं जनावर मी परत दखं नही. मन्हा बापनी गोळी मारी." त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. "माले वाटनं, आखो येतीन. पन आखो येनाच नही."

मी खडू उचलला. का उचलला ते मला आजही सांगता येत नाही. "आबा, सांगा. मी काढतो."

मी फळ्यावर रेघ ओढली. ते कातडं मी बैठकीत पाहिलेलं. बिबट्याच्या अंगावर ठिपक्यांची फुलं असतात, याचे ठिपके भरीव, एवढं मला माहीत होतं. पण कातड्यावरून धावणं काढता येत नाही. आबा मागून बोलत राहिले. डोकं धाकलं करा. पाय लांब. कंबर आखो बारीक. डोयाखाले काया रेघा, आसू गळेल सारख्या. सबंध वर्ग मान वर करून बघत होता. फळ्यावर हळूहळू एक जनावर पळायला लागलं.

"आबा, ते गवत कोठे शे?" कौशीने विचारलं.

आबांनी काठी उचलून खिडकीबाहेर दाखवलं. बाहेर त्यांचीच कपाशी होती, पार नदीपर्यंत.

"तठे तं आपला कापूस शे!"

"हां," आबा म्हणाले. "तठेच."

आबा उठले, काठी टेकत निघून गेले. पिरियडचं काय ते बोललेच नाहीत. "सामान बांधा," हेडमास्तरांनी मला सांगितलं, आणि घरी जाऊन मी खरंच ट्रंक भरली.

सकाळी आबांची गाडी दाराशी उभी राहिली. मला वाटलं, स्टेशनावर सोडायला आली. गाडीत खुद्द आबाच होते. "पोरेसले बलावा," म्हणाले, "आन कागद ल्या."

नदीच्या वळणावर त्यांचा गवताचा एक पट्टा अजून उरला होता. गुरं चारायला ठेवलेला. आबांची गाडी आणि मागून पोरांच्या दोन गाड्या तिथे थांबल्या. "पुढला वरीस आठे नांगर फिरनार शे," आबा म्हणाले. "तवलोंग पोरेसले दखाडी ल्या."

"मग नांगरू नका ना, आबा!" मी म्हणून गेलो.

"माले च्यार पोरे शेतस, मास्तर. त्यासले वावर लागी."

मी पगारी माणूस, मला ना वावर ना वाटण्या. पण राग आला होता, आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं. पोरं गवताच्या कडेला बसली. बऱ्याच वेळाने एक माळढोक गवतातून बाहेर आला. कोंबडीच्या कितीतरी पट मोठा पक्षी, मान ताठ, एखाद्या इनामदारासारखा सावकाश चालणारा. मी पोरांना एवढंच सांगितलं की आज पक्ष्याइतकंच गवतही नीट बघा. ती इतकी गप्प बसलेली मी कधी पाहिली नव्हती. आबा गाडीला टेकून उभे होते. तेही बघत होते.

ड्रॉइंगचा पिरियड राहिला. चित्त्याचं कातडं बैठकीतच राहिलं, कसर लागेपर्यंत. आणि पुढच्या वर्षी बोलल्याप्रमाणे नांगरही फिरला. चित्रांनी रान वाचतं असं मी कुणाला कधी सांगितलं नाही, कारण ते खरं नाही.

त्या वर्षी वर्गात नवी पोरं आली. माळढोक कुणी पाहिलाय, असं मी विचारलं. एकही हात वर झाला नाही. मी पाचवीच्या वर्गातून कौशीला बोलावलं आणि तिच्या हाती खडू दिला.

तिने आधी पक्षी काढला नाही. फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गवत काढलं, एकेक काडी. खडू संपला तेव्हा दुसरा मागून घेतला. मग त्या गवतात, मधोमध, ताठ मानेचा पक्षी उभा केला. मी खिडकीकडे तोंड केलं. बाहेर कपाशीच होती.

पुढे बरीच वर्षं मी ड्रॉइंगच्या ग्रेड परीक्षांना पोरं बसवली. त्यांना एकच सांगत आलो. मॉडेल समोर आहे तोवर नीट बघून घ्या. मेमरीचा पेपर नंतर असतो, आणि तेव्हा मॉडेल परत आणून ठेवत नाहीत.