आम्ही बहार झोडपला

समुद्र मी अजून पाहिला नाही. पांढुर्ण्याहून तो कोणत्या अंगाला आहे, हेही कोणाला तरी विचारावं लागेल. तरी त्याच्यावर माझा राग आहे, आणि तो जायचा नाही.

ऐंशी सालचा हिवाळा. दहावीत आपटून मी घरी बसले होते; म्हणजे नावालाच, माय कोणाला बसू देते! सौसर रस्त्यावरची आमची संत्र्याची बाग मायची. विहीर खणायच्या आधी तिनं नाल्यावरून डोक्यावर घागरी वाहून ती झाडं जगवली होती. पुढे विहीर झाली, मोट झाली, मग डिझेलचं इंजिन आलं. इंजिन आल्याच्या आनंदात बाबांनी मोट मोडून तिच्या लाकडाचं गोठ्याचं दार केलं.

आमच्याकडे संत्र्याला ताण देतात. डिसेंबरात पाणी तोडायचं, झाड तहानेनं पार मलूल होऊ द्यायचं, आणि मग आळी भरून पाणी सोडायचं. झाड फुलानं लदबदून जातं. पण एकदा ताण तोडला की पाणी देतच राहावं लागतं, नाहीतर तीच फुलं झाडाचा जीव घेतात. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

त्या साली नेमकं डिझेल मिळेना. रेडिओ सांगे, इराण-इराकची लढाई जुंपली, तिकडची नदी समुद्राला मिळते त्या तोंडाशी जहाजं अडकून पडली, तेलाची वाट बंद झाली. आमच्याजवळ ड्रमच्या तळाशी थोडं डिझेल होतं. बाबा म्हणाले, पहिलं पाणी तर देऊन घेऊ.

"थांबा ना जरासे," माय म्हणाली. "झाड उठवलं तं त्याले पाजा लागन."

"काऊन घाबरून राहिली? लढाई का जन्मभर चालते?"

आठ वर्षं चालली!

बाग अशी फुलली की वासानं डोकं जड व्हावं. आणि ड्रम कोरडा. बाबा डबा घेऊन पांढुर्णा, सौसर, रामाकोना करत फिरले. पंपवाला एकच बोले, "कल आना." इकडे विहीर भरलेली, वाकलं की पाण्यात तोंड दिसे. वर झाडांची पानं वळायला लागली आणि मधे ते मेलं इंजिन. मी त्याला सणसणीत लाथ मारली. इंजिनाला काय होतं, माझाच अंगठा सुजला. दोर-बादलीनं आम्ही मायलेकी पाणी ओढत होतो. हाताची सालं निघाली, तरी दिवसभरात एक ओळ भिजत नव्हती. कुठं जावं, कोणाला सांगावं, काही सुचत नव्हतं. आपल्याच शेतात कोंडल्यासारखं झालं होतं.

एका सकाळी मायनं तूर झोडपायची काठी काढली.

"काय करून राहिली तू?" बाबा ओरडले. "दम धर. टँकर येऊन राहिला म्हणते."

"बहार पुढच्या साली येईन. झाड कुठून आणू?" माय म्हणाली. "फूल गेलं तं बादलीच्या पाण्यावर जगतीन माहे झाडं."

तिनं काठी मारली. पांढरा सडा पडला. ती मारत होती आणि रडत होती, मीही रडत होते. बाबा जरा वेळ बांधावर बसून राहिले. मग उठले, लांब बांबू घेतला आणि तिचा हात पुरत नव्हता तिथल्या फांद्या झोडपू लागले. बाग वाचली, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर मलाच पुढचं सांगवणार नाही.

शनिवार होता. दुपारी शेवटची, कुंपणाजवळची ओळ तेवढी उरली होती. जामसांवलीच्या मारुतीला पायी निघालेल्या बाया वासानं तिथं थांबल्या.

"काय बहार आला व माय तुह्या बागेले!" एक म्हणाली. "देवाले चार फुलं घेऊ का?"

माझ्या तोंडाशी शिवी आली होती, पण मायनं डोळे वटारले. बाई खाली पडलेली फुलं उचलायला वाकली.

"ते नोको," माय म्हणाली. "पडेल फूल देवाले चालत नाही."

तिनं काठी बाजूला ठेवली. कुंपणाजवळच्या झाडावरून एकेक फूल खुडलं, डहाळीला धक्का लागू न देता, आणि बाईची ओटी भरली. बाया रस्त्याच्या वळणाला दिसेनाशा होईपर्यंत ती उभी राहिली.

मग काठी उचलून तिनं तेच झाड झोडपलं.