चार बोटांची फट

२९ डिसेंबर. काम : सशांच्या पिंजऱ्याची वरची फट बंद करणे.

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मी रोजची कामं लिहिते आणि झाली की पुढे बरोबरची खूण करते. त्या चौकोनात खूण आहे. ते पान मी अजून फाडलेलं नाही.

ससे माझे नव्हते. कॉलेजात असताना लेकीने आणले, एक पांढरी मादी आणि एक करडा नर. मग ती नोकरीला पुण्याला गेली, आणि ससे इकडे हिंदी मुलखात, नानाखेड्यातल्या आमच्या घराच्या मागच्या अंगणात राहिले. पाणी, गवत, साफसफाई सगळं माझ्याकडे आलं. मी शाळेत गणित शिकवते. सशांची सकाळी वीस मिनिटं, संध्याकाळी वीस मिनिटं, असं मी बसवून टाकलं होतं. कुणी विचारलं की त्यांच्यावर जीव आहे का, तर मी सांगायचे, गवत स्वस्त आहे.

पिंजरा चांगला होता. लाकडी, वर पत्रा, तळाला जाळी, खाली विटांचे थर, मधे फळी घालून दोन भाग. नोव्हेंबरात एकदा शाळेची घाई होती, म्हणून मधल्या दाराची कडी मी नीट लावली नाही. डिसेंबर अर्धा झाला तेव्हा मादीने स्वतःच्या पोटाचे केस उपटून गवतात अंथरले आणि पाच पिल्लं घातली. लालसर, डोळे मिटलेली, अंगठ्याएवढी. म्हणजे सुरुवातही माझ्याच कडीपासून आहे.

शेजारच्या भाभी गच्चीवरून ओरडल्या, "भाभीजी, आपके यहाँ तो जच्चाखाना खुल गया!"

आमच्या सासूबाईंनी ते बाळंतघर खरंच धरलं. त्या ऐंशीच्या आहेत. आमच्या गोतावळ्यातल्या अर्ध्या बायकांची बाळंतपणं त्यांनी काढली, आणि त्यावर त्यांचा मान उभा आहे. मांडीवर शाल घेऊन त्या पिंजऱ्यासमोर खुर्ची टाकून बसायला लागल्या.

"बाळंतीण आहे ती. तिला असं वाऱ्यात काय ठेवलंस?"

"आई, सशांना थंडी सोसते. वारा आणि ओल सोसत नाही."

"हे कोणी सांगितलं तुला?"

"डॉक्टरांनी."

"गाई-म्हशींच्या?"

"जनावरांच्या."

"तेच ते."

डॉक्टर खरंच जास्त गाई-म्हशीच बघायचे. पण त्यांनी सांगितलं ते मला पटलं होतं. पिंजरा झाकायला मी तिरपाल, म्हणजे ताडपत्री, आणणार म्हटल्यावर ते म्हणाले होते, "मैडम, चारों तरफ से पैक मत कर देना. ऊपर चार उंगल खुला रखना. पेशाब की गैस से फेफड़े पहले जाते हैं, ठंड से बाद में." मी तिरपाल आणलं, तिन्ही बाजूंनी पक्कं बांधलं, समोर पडद्यासारखं सोडून कपड्यांचे चिमटे लावले, आणि लघवीचा वायू बाहेर जायला पत्र्याखाली चार बोटं फट मोजून ठेवली. आत जाड सुकं गवत. रोज ओलं काढायचं, कोरडं घालायचं. सकाळी वाडग्यात कोमट पाणी. मांजराच्या भीतीने दाराला दुहेरी जाळी. सगळं ठीक चाललं होतं. पिल्लांच्या अंगावर लव आली, डोळे किलकिले झाले.

सासूबाईंचं एकच चालू होतं. "धुरी द्यायला हवी. बाळं किती शिंकतात बघ."

"ससे शिंकतातच. धुरी नको."

"तुझी लेक शिंकत होती, धुरीनेच बरी झाली."

ते मला चांगलं आठवतं. चोवीस वर्षांपूर्वी, याच घरातल्या पुढच्या खोलीत, खिडक्यांच्या फटींत चिंध्या कोंबून त्यांनी मला चाळीस दिवस ठेवलं. बाजेखाली शेगडी. रोज अंघोळीनंतर निखाऱ्यावर ओवा, शेपा आणि लसणाची सालं. माझे डोळे गळायचे, लेक खोकायची. मी एकदा म्हटलं, एक खिडकी तरी उघडा. त्या म्हणाल्या, वारं लागेल, सवय कर. मी सवय केली. विसरले मात्र नाही. त्यानंतर या घरात माझ्या कामाला कुणी हात लावलेला मला खपत नाही, आणि ते सगळ्यांना माहीत आहे.

त्या आठवड्यात शीतलहर आली. शाळेची वेळ पुढे ढकलली, सकाळी मोटारींच्या काचांवर दव गोठल्यासारखं दिसायचं. २९ तारखेला दुपारी लेकीचा व्हिडिओ कॉल आला. मी तिला पिंजरा दाखवला.

"आई, वर एवढी फट कशाला ठेवलीय?"

"डॉक्टरांनी सांगितलंय."

"अगं, तिथे पाच-सहा डिग्री आहे! मी बघते ना रोज फोनवर. बंद कर ती."

"डॉक्टर म्हणाले–"

"डॉक्टरांना पिल्लं नाहीयेत त्या पिंजऱ्यात. मी तीन तारखेला येतेय. पाचच्या पाच मला जिवंत हवीत, सांगून ठेवते."

गणित शिकवणाऱ्या बाईने मोजून ठेवलेली फट तिने एका वाक्यात बंद करवली. तिला कशाला दोष देऊ. मलाही आदल्या दिवसापासून त्या थंडीची धास्ती वाटत होती, आणि मनातून कुणीतरी हे म्हणावं असं वाटत होतं. स्टूल घेतलं, तिरपालाचा उरलेला काठ वरून दुमडून पत्र्याला लावला आणि सुतळीने आवळला. दुहेरी गाठ. मी काम करते ते पक्कं करते. कॅलेंडरवर खूण केली आणि गाजरं आणायला टावर चौकात गेले.

परत आले तेव्हा दिवे लागले होते. अंगणात ओव्याचा वास होता. वाटलं, सासूबाईंनी गुडघे शेकले असतील. चिमटे होते तिथेच होते. गाजरं सकाळी देऊ म्हणून मी आत गेले. एक चिमटा काढून बघायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नसतं.

तीस तारखेला सकाळी सातला कोमट पाण्याचं वाडगं घेऊन मी पडदा सरकवला. आतून जुना, कोंडलेला धूर अंगावर आला. मादी लांब पसरून पडली होती. ससा कधी तसा झोपत नाही. तिला हात लावला. ताठ. गवतात तीन पिल्लं थंड, दोन तिच्या केसांच्या खाली अजून ऊन होती. पलीकडच्या भागात, जिथे जाळी आणि फळी नीट जुळत नाही त्या कोपऱ्यात नाक खुपसून नर बसला होता, जिवंत. पिंजऱ्याखाली विटांवर लोखंडी घमेलं होतं. राखेत हात घातला तर आतून कोमट.

सासूबाई शाल गुंडाळून दारात उभ्या होत्या.

मी काय बोलले ते सगळं लिहिते, कारण सगळं बोलले. "तुम्ही मारलंत त्यांना. मी नको म्हटलेलं असताना. माणसांना धूर देऊन पोट भरलं नाही, आता जनावरं. या घरात बंद करून कोंडून घातल्याशिवाय तुम्हाला माया करता येत नाही." चोवीस वर्षांचं होतं, ते निघालं. शेजारच्या भाभी गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी हातातली चादर तशीच धरून ठेवली होती.

सासूबाई एवढंच म्हणाल्या, "ती दोन उचल आधी."

मी दोन्ही पिल्लं बुटांच्या खोक्यात जुना स्वेटर घालून ठेवली. रिक्षा बोलावली. सासूबाई न विचारता आत बसल्या आणि खोका माझ्याकडून काढून मांडीवर घेतला. मी सरकून जागा केली. बोलण्यासारखं सकाळीच बोलून झालं होतं.

डॉक्टरांनी पिल्लं उलटीपालटी करून पाहिली. छातीला नळी लावली. "बकरी का दूध, ड्रॉपर से, दो-दो बूँद. उम्मीद ज़्यादा मत रखना." मग माझ्याकडे बघून विचारलं, "ऊपर खुला था ना, मैडम?"

"जी, था," मी म्हटलं.

इतक्या सहज म्हटलं की माझं मलाच ऐकू यायला वेळ लागला. सासूबाई बाजूच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांनी खोक्याचं झाकण अर्धं लावलं आणि शाल सारखी केली.

परतताना देवास गेटला बस आडवी लागली होती, सगळं थांबलं होतं. रिक्षावाल्याने आरशात बघून विचारलं, "अम्माजी, डिब्बे में मिठाई है क्या?"

"बच्चे हैं," सासूबाई म्हणाल्या. त्याने आरशातून नजर काढली.

मग त्या मला म्हणाल्या, समोर बघतच, "वरची फट बंद होती."

मी समोरच्या बसचा नंबर वाचला.

"धूर आत साठत होता. मी पडदा लावताना पाहिलं."

"मग सोडायची होती गाठ! हात पोचत नव्हता तर कुणाला हाक मारायची."

"स्टूल तिथेच ठेवलं होतंस तू. पोचला असता हात. पण तुझी गाठ होती. मागे तू बांधलेली कपड्यांची दोरी मी हलवली, तर आठ दिवस माझ्याशी बोलली नव्हतीस. म्हटलं, तिने बांधलंय तर काही विचार करूनच बांधलं असेल."

दोरीचं खरं होतं. दिवस आठ नव्हते, जास्त होते.

बस हलली. घरी येईपर्यंत आम्ही दोघी खोक्यात बघत होतो, कारण एकमेकींकडे बघायचं नव्हतं.

मादीला आणि तिन्ही पिल्लांना मी कढीपत्त्याच्या झाडाजवळ पुरलं. खड्डा खोल खणला, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर दगड ठेवले. दुपारी दोनपैकी एक पिल्लू गेलं. दुसरं ड्रॉपर तोंडात घेईना. मी तासभर प्रयत्न केला, दूध नाकात जायचं. सासूबाई देवघरातून कापसाची वात घेऊन आल्या, दुधात बुडवून पिल्लाच्या ओठांशी धरली. ते चोखायला लागलं. मला ते बघवत नव्हतं, पण बघितलं, कारण किती थेंब गेले ते मोजायचं होतं.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. सासूबाई पलंगावर पिल्लू घेऊन बसलेल्या, मी दारात.

"मादी आणि चार पिल्लं थंडीने गेली गं," मी म्हटलं. "एक राहिलंय."

ती रडायला लागली. "मी सांगितलं होतं ना, नीट झाकायला! फट बंद केली होतीस ना?"

"केली होती."

"मग काय कमी पडलं असेल?"

"काही कमी पडलं नाही," मी म्हटलं आणि दुधाची वेळ झाली म्हणून फोन ठेवला. सासूबाईंनी मान वर केली नाही. त्यांनी माझं नाव घेतलं असतं तर मला सोपं गेलं असतं. भांडायला तरी मिळालं असतं.

एकतीसला सकाळी सहाला उठले. आधी पिल्लू बघितलं. सासूबाईंच्या शालीत होतं, पोट गोल, श्वास चालू. त्या जाग्या होत्या. "पाजलंय," म्हणाल्या. "ओल्या कापसाने खालून पुसून घे, नाहीतर लघवी करायचं नाही." मी पुसून घेतलं. त्याने केली.

मग शिवणाची मोठी कात्री घेऊन अंगणात गेले. नराकडे बघितलं, कोमट पाणी ठेवलं, ओलं गवत काढलं. स्टूल लावलं. वरची सुतळी सोडली नाही. पत्र्याखाली चार बोटं मोजून तिरपालाची सगळी पट्टी, गाठीसकट, या टोकापासून त्या टोकापर्यंत कापली, म्हणजे पुढे कुणी सांगितलं तरी मला ती बांधता येऊ नये. कचरागाडी आली तेव्हा ती पट्टी गाडीत टाकली. घमेलं टाकलं नाही. ते घासून स्वयंपाकघरात त्याच्या जागी ठेवलं.

चहा होत असताना लेकीला लिहिलं : "थंडीने नाही गेली. फट मी बंद केली होती, डॉक्टरांचं न ऐकता. आजीने आत धुरी ठेवली. डॉक्टरांना मी खोटं सांगितलं, तुलाही." वाचून पाहिलं. आजीचं वाक्य खोडावं का, असा विचार केला. ते खरं होतं, म्हणून ठेवलं. पाठवलं, सासूबाईंचा चहा पलंगाशी ठेवला आणि डॉक्टरांच्या दवाखान्याचा नंबर लावला.