रामहरी तात्यांची दाढ

कळसचे रामहरी तात्या गुळवे, म्हणजे गुऱ्हाळावर गूळ करणारे, होते. ऊस तोडणीला आला की नाही, हे ते दातानं सांगायचे. आधी बुडख्याचं कांडं चावायचं, मग शेंड्याचं. दोन्ही सारखी गोड लागली तरच कोयता चालायचा.

छत्तीस साली उजवी दाढ ठणकली, तेव्हा पुण्याच्या डॉक्टरनं आतली नस मारून तिच्यात मसाला भरला. ठणका गेला, पण दिवाळीत आरशात पाहतात तर दाढेला उभी चीर. तेव्हापासून जीभ सारखी तिथंच. दुखत असती तर किती सोसेल ते कळलं असतं. ही मुकी दाढ कधी दगा देईल याचा नेम नव्हता. डावीकडच्या तर कधीच पडल्या होत्या. तात्या भाकरी दुधात कुस्करून खाऊ लागले.

माघात कन्हेरीच्या हिंदुरावांनी त्यांना ऊस पारखायला आपल्या फडात बोलावलं आणि उसाचे बारीक तुकडे करून पुढं केले. "तात्या, दाढेला जपा."

तात्यांचा पारा चढला. "मी काय आता ऊस चोखत बसू व्हय?"

त्यांनी अख्खं कांडं दाढेखाली धरलं. कडाड् आवाज झाला आणि दाढेचा तुकडा तळहातावर पडला. कळ नाही, रक्त नाही. चार महिन्यांची धास्ती हातात होती आणि तोंडात नुसता रस. तात्यांनी शांतपणे शेंडाही चावला.

"बुडखा गोड हाय, शेंडा पाणचट. आठ दिस थांबा."

आठ दिवसांनी गुळाची पहिली ढेप निघाली, पिवळीधमक आणि दगडासारखी कडक. हिंदुराव तिचा एक खडा बत्त्यानं फोडायला निघाले. तात्यांनी तो त्यांच्या हातातून घेतला, उरलेल्या अर्ध्या दाढेखाली ठेवला आणि साऱ्या गुऱ्हाळाला ऐकू जाईल असा फोडला.