कंपनीच्या बसचा निबंध

शिरूर तालुक्यात भीमेकाठच्या एका गावात मी मराठी शिकवायचे. नव्वदचं दशक सरत आलं होतं. माझं घर केडगावला, त्यामुळे रोज एसटीनं नदी ओलांडून शाळेत जायचं. एकदा दहावीला ‘मी पाहिलेला अपघात’ हा निबंध दिला आणि वह्या तपासताना डोकंच उठलं. सगळ्या वह्यांत तीच लाल मोटार, तोच काठी टेकणारा म्हातारा, तेच रक्ताचं थारोळं.

वर्गात विचारलं, “यातला एक तरी अपघात कुणी डोळ्यांनी पाहिलाय का?”

मागच्या बाकावरून उत्तर आलं, “बाई, गाईडात हाय.”

मुलं हसली. मला संताप आला होता. हीच मुलं मधल्या सुट्टीत कुणाचा बैल विहिरीत कसा पडला, तो कसा काढला, हे हातवारे करून असं सांगायची की ऐकत राहावं. हातात पेन आलं की त्यांच्या तोंडातून दुसराच कुणीतरी बोलायला लागायचा.

मी सांगितलं, गाईड घरी ठेवा, आपल्या घरातलं लिहा. बहुतेकांनी टाळलं. एका मुलीनं चार ओळी आणल्या. ‘माझी ताई रांजणगावला कंपनीत कामाला जाते. मला तिचा अभिमान वाटतो.’ पुढे अभिमानच अभिमान. ही धनगराच्या घरची. आजोबांपर्यंत मेंढरं होती, आता ऊस आणि कांदे. वर्गात कधी तोंड उघडायची नाही.

शाळा सुटल्यावर मी तिला थांबवलं. “पहिल्या दिवशी ताई गेली तेव्हा तू कुठं होतीस?”

“स्टँडवर. समदं गाव बघाया आलं होतं.”

“आणि वडील?”

ती घुटमळली. “आबा आठवडाभर ताईशी बोलत नव्हते. पोरीनं शिफ्टला जायचं न्हाई म्हणायचे. पर त्या दिवशी आले मागनं.”

“आले आणि?”

“कंपनीची बस थांबली तसं आबाच पहिले चढले. ड्रायव्हर म्हणाला, ओ मामा, तुमचं काय? आबा एक एक शीट बघत पार मागपर्यंत गेले. मग खाली उतरून ताईला म्हणले, दुसऱ्या खिडकीपाशी बस. ऊन लागलं तर पडदा वढ.” मग तिनं माझ्याकडे बघितलं. “बाई, हे बी लिहायचं व्हय?”

“हेच लिहायचं,” मी म्हणाले.

तिनं ते पुन्हा पुन्हा लिहिलं. मी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं, अभिमान खोडला, आबांच्या बोलण्याला मात्र हात लावला नाही. शेवटचा मसुदा वाचला तेव्हा वाटलं, आता ही मुलगी लिहील. इतकी खूश मी त्या शाळेत क्वचितच झाले असेन.

त्याच सुमारास शिरूरला शाळांची निबंध स्पर्धा होती. मुलांनी आपला निबंध व्यासपीठावर उभं राहून वाचायचा होता. मी तिला घेऊन गेले. ती नेटानं वाचत होती. ‘पडदा वढ’ आलं आणि सभागृहात खसखस पिकली. हसणारी मुलंही आसपासच्याच गावांतली, घरी हेच बोलणारी. म्हणून जास्त लागलं.

परीक्षक आमच्यातलेच, मोठ्या शाळेतले ज्येष्ठ शिक्षक. ते तिला म्हणाले, “बाळ, हा निबंध नाही, या गप्पा झाल्या. सुरुवातीला सुविचार नाही, शेवटी संदेश नाही. आणि ही भाषा? घरी असंच बोलता का?”

तिनं मान हलवली. हो म्हणून.

बक्षीस ‘मी पंतप्रधान झालो तर’ला गेलं. त्यातली वाक्यं मला पाठ होती. मुलं दरवर्षी तीच लिहून आणायची. कार्यक्रम संपल्यावर मी परीक्षकांना गाठलं. म्हटलं, “सर, त्या मुलीनं पाहिलेलं लिहिलं होतं.”

“मॅडम, बोर्डाचा पेपर तपासणारा पाहिलेलं बघत नाही,” ते शांतपणे म्हणाले. “तुम्ही मुलांचं नुकसान करताय.”

मी बरंच बोलले. आवाज चढला. त्यांनी चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. मी तो घेतला नाही, तरी त्यानं काय व्हायचं होतं? परतीच्या एसटीत मी तिला समजावत होते आणि ती खिडकीबाहेर बघत होती.

पुढच्या चाचणीत तिनं गाईडातला निबंध उतरवला. शुद्धलेखनाची एकही चूक नाही. मी तिला बोलावलं, तेव्हा माझ्या आधी तीच बोलली, आणि तेही शुद्ध भाषेत. “बाई, मला पुढे डी.एड.ला नंबर लागायला हवा. बोर्डात मार्क पाहिजेत.”

मी तिला गाईडातल्या निबंधातले दोन विरामचिन्हांचे घोळ दाखवले, आणि ते दाखवताना स्वतःचाच राग येत होता.

दहावीला मराठीत ती शाळेत पहिली आली. मुख्याध्यापकांनी शिक्षकांसमोर माझं कौतुक केलं. “अशी तयारी करून घ्यायला हवी,” म्हणाले. ती पेढे घेऊन केडगावला माझ्या घरी आली. आता आनंदात होती, मोकळी बोलत होती. मी धीर करून विचारलं, “तो बसचा निबंध आबांना वाचून दाखवलास का गं?”

“नाही बाई.”

“का?”

“त्यांनी विचारलं असतं, नंबर का नाही आला म्हणून. मग काय सांगू? ‘आबा, तुमच्या बोलण्यामुळं’ म्हणून?”

ती पाया पडून निघून गेली. मी दारात उभी राहिले. शेजारीण विचारत होती, पेढे कसले. मी म्हटलं, “आमची मुलगी मराठीत पहिली आली.” त्यावर ती म्हणाली, “मग तोंड असं का पाडलंय?” मी तिच्या हातावर पेढा ठेवला आणि आत गेले.