डॉक्टरांची वीस मिनिटं

फ्लाइंग क्लबात सगळे तिला वहिनी म्हणत, कारण तिचा नवरा तिथल्या विमानांचा मेकॅनिक होता. दोन आसनांची छोटी विमानं. हौशी लोक सुट्टीला येत, तासदोन तास उडत, उतरून चहा पीत. वहिनी उड्डाणांची वही सांभाळायची. उडण्याआधी प्रत्येकाने स्वतःच्या हाताने लिहायचं: वाट कोणती, इंधन किती तासांचं, परत किती वाजता. ती वेळ उलटली आणि माणसाचा पत्ता नसला, की वहिनीने लगेच शोधपथकाला फोन करायचा.

अठरा वर्षांत तिने असा फोन दोनदा केला. दोन्ही वेळा माणूस दुसऱ्याच धावपट्टीवर उतरून गप्पा छाटत बसलेला निघाला. मग महिनाभर टिंगल. "वहिनी, हात धुऊन येतो. पाच मिनिटांत नाही आलो तर हेलिकॉप्टर पाठवा." ती हसण्यावारी न्यायची, पण फोनकडे जाणारा हात तेव्हापासून जड झाला.

दातांचे डॉक्टर सगळ्यांत नेटके. नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारायचे, वाऱ्याचा हिशेब दोनदा करायचे, इंधन तासभर जास्तीचं घ्यायचे. "दात आणि इंजिन, दुखायच्या आधी बघावं," म्हणायचे. खोड एकच. परतताना रेघ सोडून आपल्या घरावर जायचे आणि दोन घिरट्या घालून पंख हलवायचे. बायको गच्चीवर उभी असायची. त्यात वीस मिनिटं जायची आणि ती वहीत कधीच नसायची. सगळ्यांना हे ठाऊक होतं. डॉक्टरांच्या वेळेत वहिनी मनातल्या मनात वीस मिनिटं मिळवायची.

त्या दिवशी ते वहीत ४.३० लिहून उडाले. साडेचारला डोंगरावर ढग टेकलेले वहिनीला खिडकीतून दिसत होते. तिने रेडिओवर दोनदा हाक मारली. उत्तर नाही. घराच्या बाजूला गेले की डोंगराआड आवाज तुटायचाच. तिने रिसीव्हर उचलला, परत ठेवला. फोन केला चार पन्नासला.

पथकाने आधी रेघेवर शोधलं. सापडायला साडेसहा वाजले. विमान झाडीत पडलं होतं आणि डॉक्टर त्यापासून चाळीस पावलं सरपटत आले होते. अंग अजून कोमट होतं.

चौकशीचे साहेब सोमवारी येणार होते. रविवारी जेवताना नवरा म्हणाला, "इंजिनात काही सापडलं नाही. मी सुटलो." मग भाजी वाढून घेत, तिच्याकडे न बघता, "वहीतल्या ४.३० मधल्या तीनचा पाच करायला कितीसा वेळ लागतो?"

"अक्षर त्यांचं आहे."

"आकड्याला कसलं अक्षर? साडेचारला फोन केला असतास तर वाचले असते, असं कोणी लिहून दिलंय?"

"नसते वाचले, असंही कोणी लिहून दिलेलं नाही."

"मोठी हरिश्चंद्राची बहीण लागून गेलीस. नोकरी जाईल. उद्या लोक म्हणतील, हिनेच मारला."

तिने ताटं उचलली. घासलेलीच कढई तिने पुन्हा घासली.

सोमवारी साहेबांच्या आधी डॉक्टरांची बायको आली. वहिनीने खुर्ची पुढे केली. बाई बसल्या नाहीत.

"फोन कधी केलात?"

वही टेबलावर उघडीच होती, पेन शेजारी.

"मी चारपासून गच्चीवर होते," बाई म्हणाल्या. "ढग दिसले. वाटलं, आज सरळ तुमच्याकडे उतरले असतील. मग खाली येऊन कपड्यांच्या घड्या घालत बसले."

"मला वाटलं, तुमच्याकडे आहेत," वहिनी म्हणाली. "वहीत साडेचार होतं. मी फोन चार पन्नासला केला."

बाईंनी वही ओढून घेतली. ४.३० वर बोट ठेवलं.

"यात घराकडे यायचं धरलेलंच नाही."

"ते कधीच लिहीत नसत."

"कधीच?"

वहिनीने पानं मागे उलटून दाखवली. मागचा महिना, त्यामागचा, मागचं वर्ष. वाट नीट, इंधन नीट, वेळ नीट. घर कुठेच नव्हतं.

"अकरा वर्षं उभी राहत होते मी," बाई म्हणाल्या. "मग सापडले कुठे ते?"

"रेघेच्या बाहेर."

"कुठे, ते विचारतेय."

"तुमच्या घराच्या वाटेवर."

बाई आता खुर्चीत बसल्या. पर्स मांडीवर घेतली, तिची चेन उघडली, पुन्हा लावली.

"साहेबांना हे सांगणार?"

"हो."

"सगळं सांगा. तुमची वीस मिनिटंही आणि गच्चीही."

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. वहिनीने त्या दिवसाचं पान पुन्हा काढलं, पेन उचलून खणात ठेवलं आणि खण लावून घेतला. बाई उठल्या नाहीत.