आत्याच्या रोपांचं सुतक

माझ्या आत्याइतकी भोचक बाई अख्ख्या मॉरिशस बेटावर दुसरी झाली नसेल. तिचा भोचकपणा माणसांपुरता असता तर आम्ही तो सोसलाही असता. पण ती झाडांच्याही घरगुती भानगडींत नाक खुपसायची. आमच्या बों अक्योय गावच्या रस्त्यानं ती कधी सरळ चालल्याचं मला आठवत नाही. कुणाची लीची कुंपणाबाहेर वाकतेय, कुणाच्या फणसाला पहिल्यांदाच फळ धरलंय, कुणाचा आंबा पाण्यावाचून रुसलाय, याची चौकशी करत ती दहा मिनिटांची वाट दीड तासात संपवायची. एकदा फ्लाकच्या बसमधून जाताना तिला एका अंगणात पपईचं झाड दिसलं आणि ती "आरेते! आरेते!", थांबवा, थांबवा, असं ओरडायला लागली. कुणीतरी चाकाखाली सापडलं असं वाटून ड्रायव्हरनं करकचून ब्रेक लावला. आत्या खाली उतरली आणि त्या घरच्या अनोळखी बाईला म्हणाली, "बाये, गळ्यापर्यंत माती घातलीस पपईला. तिनं श्वास कुठनं घ्यायचा गो?" बस निघून गेली. आत्या संध्याकाळी चालत परत आली, ती दोन पिकल्या पपया आणि त्या बाईच्या सासूची संपूर्ण हकिकत घेऊन.

आत्या वयाच्या दहाव्या वर्षापासून उसात राबत होती. गुडघ्यापर्यंत बूट, वर खोचलेलं लुगडं, डोक्याला फडकं आणि फडक्यावर पुरुषी हॅट, असा तिचा अवतार असे. सगळं गाव तिला 'मातांत', म्हणजे आत्याबाई, म्हणायचं. तिच्याहून मोठी माणसंसुद्धा. मळ्यावरच्या मुकादमाला ती अजिबात भीत नसे. फक्त एका गोष्टीचा उल्लेख निघाला की तिचा आवाज खाली यायचा. दुपारच्या जेवणाला बायकांना बसायला मळ्यात एक झाड नव्हतं. ऊस कापलेल्या रानात, टळटळीत उन्हात, डोक्यावर पदर ओढून भाकरी खायची. "माझी आईस तशीच जेवली, मी तशीच जेवले," ती म्हणायची. "भाकरी गरम ऱ्हायची तेवढी. उन्हानं."

साठ सालच्या मोठ्या वादळानं गावातली उरलीसुरली झाडंही झोपवली. त्यानंतर वर्षभरानं वनखात्याची योजना आली. देवळामागे, नदी आणि मळ्याच्या मध्ये, एक पडीक पट्टा होता. गावानं तिथं राई लावावी; रोपं, तार आणि देखभालीसाठी अनुदान सरकार देईल; वर्षानं तपासणी होईल आणि ठरलेली झाडं जिवंत दिसली तर पट्टा कायमचा गावाचा, नाहीतर तो मळ्याला जाईल, अशी अट होती. मुकादम तर तिथं ऊस लावायला नांगर परजूनच बसला होता.

मी तेव्हा वीस वर्षांची होते आणि माझा पिंड पत्रकांवर पोसलेला होता. वडील पोर्ट लुईहून मजुरांच्या सभांची पत्रकं आणायचे, ती वाचूनच मी अक्षरं गिरवली. त्यामुळे सरकारी अनुदान म्हटल्याबरोबर माझं रक्त उसळलं. "आत्ये, हे आपल्याला गप्प बसवण्यासाठी टाकलेले तुकडे आहेत. गोऱ्यांच्या सरकारची भीक घ्यायची नाही!" मी गरजले.

"भीक कसली गो?" आत्या तांदूळ निवडत म्हणाली. "ऊस कोणी तोडला? आपण. साखर कोणी खाल्ली? त्यांनी. आता दोन रोपं देतायत तर घे की. लिही अर्ज."

मी अर्ज लिहिला. लिहायला बसल्यावर माझ्यातला आवेश जागा झाला आणि चार पानं कशी भरली ते कळलंच नाही. शंभर वर्षांची पिळवणूक, मजूर स्त्रियांचा घाम, मालकांचे बंगले, सगळं त्यात आलं. आत्यानं तो मराठीत वाचून घेतला आणि विचारलं, "छान हाय. पण यात झाडं कुठं हायत?" मी पानं चाळली. झाडं खरंच राहून गेली होती. मग मी दुसरा अर्ज भरायला घेतला. त्यात 'राईचा उद्देश' असा रकाना होता. मी पर्यावरण, जमिनीची धूप वगैरे लिहायला लागले तर आत्यानं माझा हात धरला. "लिही, बायांना जेवायला बसायला." तेवढंच लिहिलं. अनुदान मंजूर झालं. माझी चार पानं गेली असती तर काय झालं असतं याचा विचार मी आजही टाळते.

दोनशे रोपं आली, त्यांतली निम्मी फिलाओची, म्हणजे सुरूची. "फिलाओची सावली म्हणजे टकल्याचा भांग," असं म्हणून आत्यानं नाक मुरडलं. पण दारात आलेल्याला ती उपाशी ठेवणारी नव्हती. तिनं घरोघरी रोपं वाटून दिली आणि लावायच्या दिवशी प्रत्येकाचं बारसं केलं. मग तिनं जाहीर केलं, की ज्या घराचं रोप मरेल त्या घराला तीन दिवसांचं सुतक. देवपूजा नाही, हळदीकुंकू नाही, लग्नाबिग्नाला जायचं नाही. देवळातले पुजारी हबकले. "मातांत, शास्त्रात झाडाचं सुतक नाही हो."

"बारसं झालं न्हवं? नाव ठेवलं न्हवं? मग मेल्यावर सुतक का न्हाई?"

गावानं ते हसण्यावारी नेलं, तोच सुताराचं रोप बकरीनं खाल्लं. त्याच्या मेहुणीचं लग्न दोन दिवसांवर आलं होतं. आत्या सकाळीच त्याच्या दारात जाऊन बसली. सुतार ओरडला, बायको रडली, सासऱ्याकडून निरोपावर निरोप आले. सुतार म्हणाला, "मातांत, बकरी तुमची होती!" आत्या शांतपणे म्हणाली, "म्हणून तर मी पण सुतकात हाय. बसलेय न्हवं तुझ्याबरोबर?" सुताराचं लग्नाला जाणं हुकलं. त्या दिवसापासून अख्खं गाव बादल्या घेऊन नदीकडे पळायला लागलं. गणपती जवळ आले तेव्हा तर लोक स्वतःच्या पोरांना पाणी विचारायच्या आधी रोपाला पाजत होते. तरी रोपं मरायचीच. कुणाचं ना कुणाचं सुतक चालू असायचं, आणि तिसऱ्या दिवशी आत्या त्या घराला आपल्या डब्यांत वाढवलेलं आंब्याचं नाहीतर जांभळाचं रोप द्यायची. ती रोपंही संपली, तेव्हा काही जागा रिकाम्याच राहिल्या.

तपासणीच्या सकाळी मी मोजणी केली. दीडशे जिवंत हवी होती, सरकारी रोपं एकशे एक्केचाळीस उभी होती. बांधावर मुकादम सायकल टेकवून आधीच हजर होता. मी आत्याला म्हटलं, "नऊ हिरव्या फांद्या खोचूया. या सरकारनं आपल्याला शंभर वर्षं फसवलं, आपण एक दिवस फसवू."

आत्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी फांद्या तिथंच टाकल्या.

वनखात्याचा माणूस आला. खाकी अर्धी चड्डी घातलेला, सडपातळ, आफ्रिकी वंशाचा तरुण क्रिओल होता. गवत एवढं माजलं होतं की मेलेली रोपं त्याला दिसलीही नसती. पण आत्या पुढं होऊन एकेक दाखवत चालली. "हे बकरीनं खाल्लं. बकरी माझी. हे किडीनं गेलं. हे परवाच गेलं, ते माझ्या घरचं, म्हणून तुला चहा देता येत न्हाई बाबा, मी सुतकात हाय."

सुतक म्हणजे काय, ते मी त्याला सांगितलं. तो आधी हसला, मग वही मिटून डोकं खाजवत उभा राहिला. "आयो, मातांत! एवढं खरं कशाला सांगितलंस? नऊ कमी पडतायत."

"मग हे आंबे आणि जांभळं?" मी विचारलं.

"ती सरकारची न्हाईत," आत्याच मधे बोलली. "ती माझ्या डब्यांतली. खोटं मोजायचं न्हाई."

तेव्हा मात्र माझी पत्रकं कामाला आली. मी अर्जाची प्रत उघडली आणि भाषणाला सुरुवात केली. अटीत 'जिवंत झाडं' एवढंच लिहिलंय, कुणी दिलेली ते लिहिलेलं नाही; झाडाला मालकाचा शिक्का नसतो; या मातीत जे रुजलं ते या गावाचं; या बेटावरच्या श्रमिकांनी स्वतःच्या हातांनी जे उगवलं त्याची मोजदाद आजवर कुणी केली नाही, ती आता...

"मादमुआझेल," तो माणूस दोन्ही हात वर करून म्हणाला, "तुमच्या पहिल्याच वाक्याला मी तयार झालो होतो. आता मला मोजू द्या."

आंबे-जांभळं धरून एकशे सत्तर भरली. मुकादमानं सायकल उचलली. सुतारानं आपल्या घरून चहा आणला. त्याचं घर त्या दिवशी शुद्ध होतं आणि तो ते सर्वांना सांगत होता.

तीन वर्षांनी नदीकडच्या कडेला एका जांभळाची पहिली खरी सावली पडली. फार नाही, दोन बायका दाटीवाटीनं मावतील एवढी. दुपारी मळ्यातल्या बाया डबे घेऊन आल्या आणि त्यांनी आत्याला हाताला धरून ओढलं. "मातांत, पहिली तू बस."

"मी आता कुठं ऊस तोडते? मला घरी छप्पर हाय," ती म्हणाली आणि पाळ्या लावून दिल्या. आज या दोघी, उद्या त्या दोघी. ती स्वतः उन्हात उभी राहून बघायची. पुढं झाडं वाढली, सावल्या एकमेकींत मिसळल्या, पाळ्यांची गरज उरली नाही. आता तिथं वीस-वीस बाया जेवतात, भांडतात, गाणी म्हणतात. आत्या गेल्या वर्षी गेली. ती तिथं जेवायला बसलेली मला एकदाही आठवत नाही. मी कधीतरी दुपारी जाते. बाया सरकून मला जागा देतात. सावलीत भाकरी गार लागते, आणि मला दोन घासांपुढं खाववत नाही.