हिरालालची खरखर

गुढ़ियारीत आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, हिरालाल खोब्रागडेला सगळे ‘खरखरवाले’ म्हणत. रिटायर झालेल्या माणसाने पेपर वाचावा, पान खावं. हा टेबलावर विमानातला जुना रिसीव्हर मांडून त्यातली खरखर कुठून येते ते शोधत बसायचा. शेजाऱ्यांचे चार्जर, इन्व्हर्टर, सगळ्यांवर संशय. एकदा ऐन मॅचमध्ये माझा टीव्ही बंद करायला आला, तेव्हा मी जाम भडकलो.

“दोन मिनिटं, भाऊ. मले फक्त ऐकून पाहू दे.”

त्याचा चेहरा पाहून मी टीव्ही बंद केला. पण वेडाच समजत होतो त्याला, हे कबूल करतो.

तो छोट्या विमानांच्या वर्कशॉपमध्ये रेडिओ मेकॅनिक होता. जमिनीवरचं बीकन सतत टीं-टीं करत असतं. विमानातला रिसीव्हर ते पकडतो आणि डायलवरचा काटा बीकनकडे वळतो. ढगात पायलटला तेवढाच आधार. अकरा वर्षांपूर्वी शिशिर नावाच्या पायलटने तक्रार केली, संध्याकाळी रिसीव्हरमध्ये खरखर येते आणि काटा भटकतो. हिरालालने वर्कशॉपच्या रीतीप्रमाणे विमानातलं बाकी सगळं बंद करून एकटा रिसीव्हर तपासला. काटा सरळ. त्याने वहीत लिहिलं, ‘दोष आढळला नाही’. चौथ्या दिवशी संध्याकाळी ते विमान ढगात डोंगरावर आदळलं. शिशिर गेला, दोन प्रवासी गेले. चौकशीत पायलटची चूक ठरली.

“शिशिर येते,” हिरालाल मला जेवता जेवता सांगायचा. “काही बोलत नाही. हेडफोन लावून तिथं दारात उभा रायते.”

मी दाराकडे पाठ करून बसायला लागलो.

त्याची बायको सुशीला दोन वर्षांपूर्वी वारली, तेव्हापासून खरखर फारच वाढली. आम्ही म्हणालो, दुःखाने कान वाजत असतील.

गेल्या महिन्यात दुपारी फक्त त्याच्याच घरची लाइट गेली. त्या दिवशी पहिल्यांदाच रिसीव्हर बॅटरीवर होता. हिरालालने मला हाक मारली. विमानतळावरच्या बीकनचं टीं-टीं अगदी स्वच्छ ऐकू येत होतं. लाइट आली आणि खरखर परत सुरू झाली. म्हणजे ती त्याच्याच घरातून येत होती. त्याने फ्रिज बंद केला, पंखा बंद केला, चार्जर काढला. शेवटी बुद्धमूर्तीजवळ, सुशीलाच्या फोटोपुढचा छोटा एलईडी दिवा उरला. ती गेल्यापासून तो एकदाही विझवला नव्हता, त्यामुळे त्याच्यावर कधी संशयही घेतला नव्हता. त्याने हात जोडले आणि प्लग काढला.

खरखर थांबली. हिरालालने तो दिवा उचलून हातात घेतला.

“असाच दिवा त्या विमानात मीच लावून देला होता, भाऊ. शिशिर म्हणे, संध्याकाळी डायल दिसत नाही. अन् तपासताना मीच तो बंद केला, म्हणून काटा सरळ दिसला.”

दुसऱ्या दिवशी तो रिसीव्हर अन् दिवा घेऊन माझ्या स्कूटरवर बसला. चौबे कॉलोनीत शिशिरची बायको ज्ञानदा राहते.

“आता काहून जुनं उकरून काढतोस?” मी म्हणालो.

“तिच्या नवऱ्यावर जो बट्टा हाय, तो माहा हाय.”

ज्ञानदाच्या बैठकीत शिशिरचा फोटो नव्हता. हिरालालने तिला सगळं सांगितलं, दिवा लावून आणि विझवून ऐकवलं. एकही गोष्ट गाळली नाही. ती आत गेली आणि जुन्या साडीत गुंडाळलेला फोटो घेऊन आली.

“सासूबाईंनी उतरवायला लावला होता. दोघांचे जीव घेणाऱ्यापुढे दिवा लावायचा नाही म्हणाल्या.”

तिने फोटो टेबलावर उभा केला. हिरालालच्या हातातून दिवा घेतला, फोटोपुढे ठेवला आणि प्लग लावला. खोलीभर खरखर भरली. हिरालालचा हात रिसीव्हरच्या बटणाकडे गेला.

“बंद करू नका,” ज्ञानदा म्हणाली. “तो हेच सांगत होता. बसा अन् ऐका.”